चित्र आधी, स्वर मागाहून

गुलमंडीच्या सुपारी हनुमानापासून औरंगपुऱ्यापर्यंतच्या वाड्यावाड्यांतून ज्या पिढीने १९९३ साली रविवारची सकाळ मोगलीच्या स्वाधीन केली, त्या पिढीला आपण जपानी चित्रकारांची कृती पाहत आहोत याची गंधवार्ताही नव्हती. कारण १९८९ साली जपानात निघालेल्या त्या मालिकेची चित्रे तेवढी समुद्र ओलांडून आली होती, शीर्षकगीत गुलजारांच्या लेखणीतून व विशाल भारद्वाजांच्या चालीतून येथेच घडले होते, आणि शेरखानाच्या मुखी तर साक्षात नाना पाटेकरांचा आवाज होता. त्याच सुमारास युगो साको आणि राम मोहन यांच्या सहकार्याने सिद्ध झालेल्या रामायणपटातही चित्रांचा घाट जपानी, पण संगीत लंडनमध्ये पाश्चात्त्य शास्त्रोक्त शिक्षण घेतलेल्या वनराज भाटियांचे. २००५ मध्ये आलेला डोरेमॉनही हिंदीतच बोलू लागला. जपानची चित्रे अशी घरोघर रुजू झाली, स्वर मात्र वेशीवरच तिष्ठत राहिले.

ती वेस उघडली आंतरजालाने. जपानी लिपीतले एक अक्षरही न वाचता येणारी मुले मूळ जपानी गीते बिनचूक गुणगुणू लागली. आणि रसिकांच्या अर्जविनंत्यांनंतर २०१९ च्या ऑक्टोबरात मकोतो शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतीय चित्रगृहांत लागला, तेव्हा या मागणीची जणू अधिकृत नोंदच झाली.

त्याच वर्षी परदेशात ‘कँडललाइट’ मैफलींचा उपक्रम सुरू झाला. जुन्या वास्तूत शेकडो दिवे मांडायचे (ते बहुधा विजेरीवरचे असतात, आणि हा देखावा मला किंचित खटकतो), मधोमध दोन व्हायोलिन, एक व्हियोला व एक चेलो एवढाच सरंजाम ठेवायचा आणि त्यावर चित्रपटांचे व अॅनिमेचे संगीत वाजवायचे, अशी ही तजवीज आहे. देखावा वजा केला तरी संगीत उरते, हे मात्र मान्य केले पाहिजे. जो हिसाइशी यांची ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ या २००४ च्या चित्रपटातील प्रसिद्ध रचना घ्या: चेलोवादक गज बाजूला ठेवून बोटाने पहिली मात्रा छेडतो, व्हियोला उरलेल्या दोन मात्रा भरून काढतो आणि पहिले व्हायोलिन त्यावरून उदास, वळणदार चाल नेते, आपला कान तीन-तीन मात्रा जोडून नकळत दादरा मोजू लागतो. दूरचित्रवाणीवर जेमतेम दीड मिनिटात आटोपणारी शीर्षकगीतेही अशा बैठकीत श्वास घेऊन वाजतात; शब्द गेल्यामुळे चालीचा कस लागतो, आणि सुमार चाल लगेच उघडी पडते.

आमच्या शहराला या सोहळ्यासाठी वास्तू शोधण्याची गरज नाही. वेरूळ महोत्सव आधी कैलास लेण्यासमोर आणि पुढे सोनेरी महालाच्या प्रांगणात भरत आला. मधल्या काही वर्षांच्या खंडानंतर २०२३ च्या फेब्रुवारीत तो पुन्हा उभा राहिला. जपानशी आमचा व्यवहारही जुनाच: अजिंठा-वेरूळच्या जतनाला व पर्यटनविकासाला १९९० च्या दशकापासून जपानी कर्जाचे साहाय्य लाभले आहे. तेव्हा महोत्सवाच्या कारभाऱ्यांना एवढीच विनंती की, सतार-सरोदाच्या मैफलींना हात न लावता, एका संध्याकाळचा एक तास या चार वाद्यांना द्यावा, आणि गुलमंडीतल्या मुलांना परवडेल इतकाच तिकिटाचा दर ठेवावा.