सहाशे की पाचशे नव्याण्णव?

शिवजन्माचा शक १५४९ की १५५१, यावर महाराष्ट्रात शतकभर वाद चालला. बखरींनी १५४९ चा वैशाख धरला. जेधे शकावलीने फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख दिली. एक कागद दुसऱ्याला हरवतो म्हणजे नेमकं काय होतं, ते बघायला पुण्याच्या पेशवे दफ्तरात एका मोडी वाचकाशेजारी जाऊन बसलो.

रुमाल सोडला, कागद उलगडले. शाई सुकवायला टाकलेल्या वाळूचे कण अजून अक्षरांना चिकटलेले होते. माझी नजर वरच्या ‘श्री’वर; त्यांची थेट शेवटच्या ओळीवर.

“इहिदे सितैन मया व अलफ. एक, साठ, शंभर, हजार. झाले अकराशे एकसष्ट. आता यात किती मिळवाल?”

हा शुहूर सन मृग नक्षत्राला सुरू होतो. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. या सनात महिना मोहरम असेल तर ऑगस्ट १७६०, भाऊसाहेब दिल्लीत. रजब असेल तर फेब्रुवारी १७६१, पानिपत होऊन गेलेलं. “पाचशे नव्याण्णवच्या जागी सहाशे धरा,” ते म्हणाले, “की मेलेला माणूस हुकूम सोडायला लागतो.”

मग तपासायचं अक्षराचं वळण, कागद, शिक्का. मजकूर संपतो तिथे मोर्तब, म्हणजे खाली कुणी ओळ घुसडू नये. वतनाच्या भांडणांत बनावट कागद कमी झाले नाहीत. बनवणारा वळण हुबेहूब काढतो आणि एखाद्याला पुढे मिळालेला किताब आधीच देऊन फसतो.

हातातलं पत्र एका कमाविसदाराचं होतं. गाव वैराण झालं, रयत परागंदा झाली, वसुलात सूट मिळावी. सगळं जागच्या जागी. मी म्हटलं, अस्सल आहे ना?

“कागद अस्सल आहे. माणसाचं मला माहीत नाही.”

रडण्यात त्याचा फायदा होता. म्हणून त्या साली गावाचा किती वसूल जमा झाला, ते ताळेबंदात बघायचं. पण नदीवर नाव मिळाली नाही म्हणून पत्राला उशीर झाला, असं त्याने ओघात लिहून टाकलं होतं. “हे मी जास्त मानतो. याच्यावर त्याला सूट मिळणार नव्हती.”

जन्मतारखेचा निकालही याच वाटेने लागला. शकावली एकटी असती तर वाद मिटणं कठीण होतं. पण शिवाजी महाराजांच्याच आश्रयाला असलेल्या परमानंदाचं ‘शिवभारत’ तीच तिथी सांगतं आणि राजस्थानात सापडलेली कुंडलीही तीच. तिघांनी एकमेकांचं बघून लिहिलं असावं, असं मानायला आधार नाही. १५४९ धरणारी चिटणिसांची बखर तर एकोणिसाव्या शतकातली.

इतिहासकार राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल पत्रांना मान दिला, ते योग्यच झालं. पुढे मात्र आपण त्या पत्रांना देव्हाऱ्यात बसवलं. मोडी वाचणाऱ्या या गृहस्थांनी त्यांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं आहे आणि मला ते जास्त पटतं. त्या पिंजऱ्यात बखरीलाही जागा आहे. १६३० साली काय घडलं हे तिला विचारू नये. तिच्या काळच्या लोकांना काय घडलेलं हवं होतं, एवढं विचारावं. त्याचं उत्तर तिच्याइतकं चोख दुसरं कुणी देत नाही.