सेवानियम, एकांत आणि समता : अलीगढ प्रकरणाचा न्यायविचार

‘गैरवर्तन’ ही संज्ञा बहुतेक सेवानियमांत हेतुतः सैल ठेवलेली असते. तिची कक्षा कोठे संपते व सेवकाचे खाजगी जीवन कोठे सुरू होते, हा प्रश्न भारतीय विद्यापीठांच्या संदर्भात २०१० साली एका मराठीच्या प्राध्यापकामुळे न्यायालयासमोर आला. समलिंगी सेवकांच्या कायदेशीर हक्कांचा विचार करताना ते प्रकरण आधारभूत मानावे लागते. भारतीय भाषांच्या अभ्यासकांना तर ते विशेष जवळचे आहे.

डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे मूळचे नागपूरचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या आधुनिक भारतीय भाषा विभागात ते मराठी शिकवीत आणि त्या विभागाचे प्रमुख होते. ‘पायाखालची हिरवळ’ ह्या त्यांच्या काव्यसंग्रहास २००२ साली महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार लाभला होता. ८ फेब्रुवारी २०१० रोजी काही व्यक्तींनी त्यांच्या निवासस्थानात शिरून एका पुरुषासमवेतच्या त्यांच्या खाजगी क्षणांचे चित्रीकरण केले. दुसऱ्याच दिवशी विद्यापीठाने त्यांना गैरवर्तनाच्या आरोपावरून निलंबित केले. ज्यांनी घरात अनधिकृत प्रवेश केला त्यांचे कृत्य बाजूस राहिले आणि ज्याच्या घरात प्रवेश झाला तोच आरोपी ठरला.

अलाहाबाद उच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१० रोजी निलंबनास स्थगिती दिली. एकांताचा हक्क हा मूलभूत हक्क असून, एखाद्याच्या वर्तनाचा त्याच्या सेवेशी भरीव संबंध असल्याखेरीज ते गैरवर्तन मानता येणार नाही, मग ती व्यक्ती शिक्षक का असेना, असा त्या अंतरिम आदेशाचा आशय होता. परंतु कामावर परतण्यापूर्वीच, ७ एप्रिल रोजी, डॉ. सिरस राहत्या घरी मृतावस्थेत आढळले. न्याय मिळूनही तो भोगावयास माणूस उरला नाही.

ह्या आदेशाचा आधार समता नव्हे, तर एकांत होता, ही बाब ध्यानात घेतली पाहिजे. एकांताचा हक्क बंद दाराआडच्या जीवनास संरक्षण देतो. ज्याचा लैंगिक कल सर्वज्ञात आहे, किंवा जो तो लपवू इच्छीत नाही, त्याच्या नोकरीचे काय, ह्या प्रश्नास तो पुरेसा पडत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजीच समतेचा मुद्दा मान्य केला होता. पण ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. पुढे २०१७ साली एकांताचा हक्क नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने मूलभूत ठरविला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीपूर्वक संबंध वगळण्यात आले. संविधानाच्या अनुच्छेद १५ मधील ‘लिंग’ ह्या शब्दात लैंगिक कलाचाही अंतर्भाव होतो, असे प्रतिपादन त्या निकालपत्रात झाले. तोच शब्द सार्वजनिक सेवेतील समान संधीविषयीच्या अनुच्छेद १६ मध्येही आहे.

ह्याचे प्रत्यक्ष फलित २०२१ साली दिसले. उत्तर प्रदेशात गृहरक्षक दलातील एका जवानाची नेमणूक त्याच्या समलिंगी संबंधाच्या चित्रफितीवरून रद्द झाली होती. त्याच अलाहाबाद उच्च न्यायालयाने हा आदेश २०१८ च्या निकालाशी विसंगत ठरवून रद्द केला व त्यास सेवेत परत घेण्यास सांगितले. अलीगढच्या आदेशात जे केवळ एकांताच्या आधारे सांगितले होते, ते येथे व्यक्तीच्या प्रतिष्ठेच्या आधारे सांगितले गेले.

तथापि ह्या संरक्षणाची सीमाही स्पष्ट आहे. अनुच्छेद १५ (१) व १६ प्रामुख्याने राज्यसंस्थेला बांधून घेतात. सरकारी कार्यालये व केंद्रीय विद्यापीठे त्या व्याख्येत येतात. खाजगी कंपनी किंवा विनाअनुदान संस्था सामान्यतः येत नाही. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्याने खाजगी आस्थापनांतही नोकरीविषयक भेदभावास मनाई केली. पण समलिंगी स्त्रीपुरुषांसाठी संसदेने तसा कायदा केलेला नाही. औद्योगिक कायद्याचा आश्रयही प्रत्येकास मिळत नाही : गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली शिक्षक हा ‘कामगार’ नव्हे, असा निर्णय दिला होता. म्हणजे एकाच विषयाचे दोन अध्यापक, एक केंद्रीय विद्यापीठातला व दुसरा खाजगी संस्थेतला, एकाच अन्यायापुढे कायद्याच्या दृष्टीने असमान उभे राहतात.

म्हणून केवळ न्यायालयीन निकालांवर विसंबून भागणार नाही. विद्यापीठांना आपल्या सेवानियमांतच ‘गैरवर्तना’ची व्याख्या सेवेशी असलेल्या संबंधापुरती मर्यादित करता येईल, आणि निलंबनापूर्वी पुरावा कोणत्या मार्गाने मिळाला हे तपासणे बंधनकारक करता येईल. अलीगढच्या प्रकरणात निलंबनास एक दिवस लागला व स्थगितीस सुमारे सात आठवडे. हक्क कागदावर असणे आणि तो वेळेत पोचणे, ह्यांतले अंतर त्या सात आठवड्यांत मोजता येते.