'गाइज' म्हणजे कोण?

माणसाला चिडण्यासाठी मोठेच कारण लागते असे नाही. नवी चप्पल चावली तरी सबंध दिवस वाईट जातो. मला गेली दोन वर्षे चावणारी वस्तू तर चपलेहूनही लहान आहे. तो एक इंग्रजी शब्द आहे : 'गाइज'. आमच्या वर्गात मुली बेचाळीस आणि मुलगे अकरा. तरीही स्नेहसंमेलनाची तालीम असो, सहलीची वर्गणी असो, की मोबाइलवरचा वर्गाचा ग्रुप असो, सूचनेला आरंभ होतो तो 'हाय गाइज' या मंगलाचरणानेच. ते म्हणणाऱ्यांत मुलीही असतात. मी नाक मुरडले की मैत्रिणी म्हणतात, "अगं, त्यात काय एवढं? बोलायची पद्धत आहे ती!"

पद्धत आहे हे खरेच. पण ती आली कुठून, ती कुणाला मोजते आणि कुणाला वगळते, हे तपासायला भाषेच्या विद्यार्थ्यांनी तरी का कचरावे? म्हणून हा लेखनप्रपंच.

या शब्दाचे एकवचन 'गाय' ऐकले की मराठी कानाला गोठा आठवतो. पण त्याचे मूळ गोठ्यात नसून तळघरात आहे. १६०५ साली इंग्लंडच्या राजाला पार्लमेंटसकट उडवून देण्याचा कट झाला. पार्लमेंटखालच्या तळघरात बंदुकीच्या दारूची पिंपे राखताना गाय फॉक्स नावाचा मनुष्य पकडला गेला. पुढे दरवर्षी ५ नोव्हेंबरला होळ्या पेटवून त्याचा पुतळा जाळण्याची चाल पडली. आपल्याकडे रावण जाळतात, तसाच प्रकार. चिंध्यांच्या त्या पुतळ्याला 'गाय' म्हणू लागले. मग गबाळ्या, विचित्र वेषातला माणूस म्हणजे 'गाय' झाला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पोहोचल्यावर कोणताही पुरुष 'गाय' ठरला, आणि विसाव्या शतकात समोरच्या घोळक्याला हाक मारताना त्यात बायकाही धरल्या जाऊ लागल्या. एका कटवाल्याचे नाव असे आमच्या वर्गापर्यंत आले!

पण इंग्रजीला अशा शब्दाची गरजच का भासली? याचे उत्तर सर्वनामात आहे. जुन्या इंग्रजीत एकाला 'दाउ' आणि अनेकांना 'यी' असा स्वच्छ भेद होता. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात तो अजून पाहायला मिळतो. पुढे मोठ्या माणसाला आदराने अनेकवचनी 'यू' म्हणण्याची रीत वाढत गेली आणि ती सगळ्यांनाच लागू झाली. सतराव्या शतकात क्वेकर पंथाच्या लोकांनी 'देवापुढे सारे सारखे' म्हणून न्यायाधीशालाही 'दाउ'च म्हणण्याचा हट्ट धरला आणि त्यापायी छळही सोसला. पण व्यवहारात 'यू'च जिंकले. आता 'यू' म्हणजे तू, तुम्ही, आपण, सगळेच. एकाला बोलावले की पन्नासांना, हे कळेना. ही रिकामी जागा भरण्यासाठी बोलीभाषांनी आपापली सोय केली. अमेरिकेच्या दक्षिण भागात 'यॉल' रूढ झाले, आयर्लंड-स्कॉटलंडकडे 'यूज' आले, पिट्सबर्ग शहराने 'यिन्झ' घडवले. या तिन्ही शब्दांत ना पुरुष आहे ना स्त्री. तरीही जगभर पसरले ते 'यू गाइज'च. म्हणजे अडचण खरी होती; तोडगा मात्र पुरुषाच्या नावाने निघाला.

यावर नेहमीचे उत्तर असे : "आता त्याचा अर्थ 'सगळे' असाच आहे." या उत्तरात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. शब्दांचे अर्थ बदलतात, आणि हाक मारणाऱ्याच्या मनात बहुधा काहीही वाईट नसते. पण मी एक साधी कसोटी सुचवते. वाक्य उलटे करून पाहावे. त्रेपन्न जणांच्या वर्गापुढे उभे राहून 'हाय गर्ल्स' म्हणावे. बेचाळीस मुली असल्या तरी अकरा मुलगे त्याच क्षणी हसतील किंवा रागावतील. दुसरा प्रयोग म्हणजे, "तुमच्या वर्गात 'गाइज' किती?" असे विचारावे. उत्तर त्रेपन्न येणार नाही, अकरा येईल. हाक मारताना मी त्यात आहे आणि मोजताना मी त्यात नाही! माझ्या चिडण्याचे मूळ ते हेच.

गंमत अशी, की इंग्रजीतला 'मॅन' हा शब्द याच वाटेने उलट दिशेने गेला आहे. प्राचीन इंग्रजीत 'मॅन' म्हणजे केवळ माणूस. पुरुषाला 'वेर' आणि स्त्रीला 'विफ' असे वेगळे शब्द होते. 'विफमन' या जोडशब्दाचेच पुढे 'वुमन' झाले. 'वेर' मात्र मेला. लांडगा होणाऱ्या माणसाच्या, 'वेअरवुल्फ'च्या गोष्टीत तेवढा उरला. त्याची जागा 'मॅन'ने घेतली. म्हणजे 'मॅन' सर्वांपासून निघून पुरुषापाशी आला आणि 'गाय' पुरुषापासून निघून सर्वांकडे चालला. दोघांच्या प्रवासात जंक्शन एकच!

अनेकवचनात बाईला पुरुषांत मिसळून टाकणारी हीच भाषा एकवचनात मात्र तिची कसून चौकशी करते. पुरुष विवाहित असो वा ब्रह्मचारी, तो 'मिस्टर'. बाईने मात्र 'मिस' की 'मिसेस' ते आधी सांगावे. वस्तुतः हे दोन्ही शब्द 'मिस्ट्रेस' या एकाच शब्दाची लघुरूपे. त्या शब्दाचा मूळ अर्थ घराची, कारभाराची धनीण. त्यात लग्नाचा संबंध नव्हता. तो पुढे चिकटला. माझी आत्या पन्नाशी ओलांडलेली शिक्षिका आहे, अविवाहित आहे. एका कचेरीत तिने अर्जावरच्या 'मिस' वर खूण केली, तेव्हा खिडकीमागच्या गृहस्थांनी मान वर करून तिला न्याहाळले आणि "नक्की ना?" असे विचारले. आत्या घरी येऊन हसत हसत सांगत होती. पण त्या दिवशी तिने चहा घेतला नाही.

यावरचा उपाय इंग्रजीतच निघाला, हे सांगायला हवे. विवाहाचा उल्लेख टाळणारे 'मिझ' हे संबोधन १९०१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावच्या एका वर्तमानपत्राने सुचवले होते. तेव्हा ते कुणी मनावर घेतले नाही. १९६० नंतर शीला मायकेल्स या कार्यकर्तीने त्याचा पाठपुरावा केला; १९७२ पासून ग्लोरिया स्टाइनम आदींचे त्याच नावाचे मासिक नियमित निघू लागले; आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'ने १९८६ साली ते संबोधन स्वीकारले. सूचनेपासून स्वीकारापर्यंत पंचाऐंशी वर्षे लागली. 'भाषा आपोआप बदलते' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा. ती बदलते, पण कुणीतरी नेट लावावा लागतो.

मात्र दोष प्रत्येक वेळी शब्दाचाच असतो असे नाही. इंग्लंडच्या यॉर्कशायर भागात बसवाला, दुकानदार कोणालाही 'लव्ह' म्हणतो. बाईला म्हणतो तसेच बाप्यालाही म्हणतो, आणि कुणाला वावगे वाटत नाही. तोच शब्द एखाद्या कचेरीत साहेब फक्त टंकलेखिकेला वापरू लागला, शेजारच्या कारकुनाला नाही, की तो सलगीचा आणि कमी लेखणारा होतो. शब्द तोच, वाटणी बदलली की अर्थ बदलतो.

आपल्याकडच्या इंग्रजीचेही तसेच. शाळेत पत्रलेखन शिकवताना 'रिस्पेक्टेड सर' हा मायना पाठ करून घेतात. खुर्चीवर बाई असू शकेल ही कल्पनाच त्या नमुन्यात नाही. केरळच्या बालहक्क आयोगाने २०२३ साली शाळांना सांगितले, की 'सर' आणि 'मॅडम' सोडून सरसकट 'टीचर' म्हणावे. माझ्या मते ही दिशा योग्य आहे. टीचर म्हटल्याने मान कमी होत नाही; उलट मान कामाला मिळतो.

मग मराठी धुतल्या तांदळासारखी आहे काय? मुळीच नाही. 'तू' आणि 'तुम्ही' यांचा भेद आपण टिकवला, हे आपले भाग्य. 'अरे' आणि 'अगं' या हाकांत दोघांना दोन जागा आहेत, आणि 'अहो'त दोघांना एकच. पण सभेत 'मित्रहो' म्हणून मैत्रिणींना गृहीत धरणारे वक्ते आपल्याकडेही भरपूर आहेत. महाविद्यालयांचे जुने वार्षिकांक चाळावेत. मुलींच्या नावामागे 'कु.' इमानाने छापलेले सापडते. मुलांच्या नावामागे बहुधा काहीच नाही. स्वामी विवेकानंदांनी ११ सप्टेंबर १८९३ रोजी शिकागोच्या सभेला साद घातली, तीही इंग्रजीतच. आणि तिच्यात 'सिस्टर्स' आधी व 'ब्रदर्स' नंतर होते. त्यासाठी त्यांना नवा शब्द घडवावा लागला नाही. समोर कोण बसले आहे, एवढे पाहिले की पुरे.

तेव्हा वाचकहो, कुणाच्या तोंडाला कुलूप घालावे असे माझे म्हणणे नाही. दोन मैत्रिणी एकमेकींना काय म्हणतात तो त्यांचा प्रश्न. पण जो सर्वांच्या वतीने बोलायला उभा राहतो, त्याने सर्वांना हाक मारावी, एवढीच अपेक्षा आहे. इंग्रजीत बोलायचे तर 'फोक्स' आहे, 'एव्हरीवन' आहे, 'ऑल ऑफ यू' आहे. मराठीत बोलायचे तर 'मंडळी' आहे. पूर्वी गृहस्थ लोक आपल्या पत्नीलाच 'आमची मंडळी' म्हणत, म्हणजे हा शब्द एकट्या बाईलाही पुरला आणि अख्ख्या गावालाही. शिवाय तो फुकट आहे, आणि त्यासाठी कुणाचा पुतळाही जाळावा लागलेला नाही.