घाट अमेरिकेचा, ब्रेक कल्याणचा!

आमचे 'हे' रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. हल्ली त्या हुद्द्याला 'लोको पायलट' म्हणतात; पण कल्याणच्या आमच्या आळीत ते अजून ड्रायव्हरसाहेबच आहेत! निम्मी नोकरी त्यांनी भोर घाटात काढली. २०१२ साली निवृत्त झाले. हारतुरे झाले, पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवसापासून घरात विलक्षण शांतता पसरली. माणूस खुर्चीत बसलेला, नजर समोरच्या भिंतीवर, आणि डावा हात उगीचच पुढेमागे होणारा. एकदा मी विचारले, "काय हवंय?" तर म्हणाले, "काही नाही. ठाकूरवाडी आली."

घरात निवृत्त माणूस असलेल्या भगिनींना ही शांतता मी वर्णन करून सांगायला नको!

ती मोडली आमच्या चिरंजीवांच्या जुन्या कॉम्प्युटरने. त्यात 'मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर' नावाचा २००१ सालचा खेळ होता. एकूण सहा मार्ग. इंग्लंडातला सेटल ते कार्लाइल, ऑस्ट्रियातला इन्सब्रुकचा, अमेरिकेतले दोन आणि जपानातले दोन. पडद्यावर इंजिनाची केबिन दिसते, आणि कळफलकावरून वेग, ब्रेक, शिट्टी सारे सांभाळायचे. पहिल्या दिवशी ह्यांनी नाक मुरडले. आठव्या दिवशी जेवणाची ताटे वाढून मी हाका मारते आहे आणि आतून उत्तर येते, "थांब गं, सिग्नल मिळालेला नाही!"

पुढे हौशी मंडळींनी ह्या खेळासाठी तयार केलेला आपल्या घाटाचा मार्गही नातवाने मिळवून दिला. कर्जतला मागून जोर देणारी बँकर इंजिने लागली, आणि आमच्या घरात पुन्हा बोलणे सुरू झाले.

गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास त्या कॉम्प्युटरने मान टाकली. दुरुस्ती करणाऱ्याने झाकण उघडले, पुन्हा लावले आणि म्हणाला, "आजी, आता नवीनच घ्या." खुर्ची, भिंत आणि डावा हात पुन्हा पूर्वपदावर आले.

फ्रीजसाठी मी भिशीचे पैसे बाजूला ठेवले होते. चार दिवस विचार केला, आणि पाचव्या दिवशी नातवाला बोलावून घेतले.

नातवाचे मत ठरलेलेच होते. "आजी, 'ट्रेन सिम वर्ल्ड' घेऊ या!" हा खेळ २०१७ साली आला आणि २०२४ पर्यंत त्याच्या पाच आवृत्त्या निघाल्या. त्यात ड्रायव्हर फलाटावरून चालत जातो, दार उघडून केबिनमध्ये चढतो आणि एकेक बटण हाताने लावतो. चित्रे अशी, की काचेवरचा पाऊस पुसावासा वाटावा. पण त्याने दाखवलेली मार्गांची यादी मी दोनदा वाचली, तरी आमचा घाट काही दिसेना. हे म्हणाले, "मग मला काय करायचाय तो खेळ?" आणि उठून गॅलरीत गेले.

त्या आठवड्यात मी जे शिकले, ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगते. नवा खेळ घेताना आधी चित्रे पाहू नयेत. आधी मार्ग पाहावा, कारण आपल्याला रोज त्याच्यावरून जायचे असते. दुसरे म्हणजे, आपले यंत्र तो पेलेल का ते पाहावे. अशा खेळांना चित्रांसाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते आणि खरा खर्च तिथेच होतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : जुने साठवलेले मार्ग नव्यात चालतील का? २००१ च्या खेळाचे मार्ग 'ट्रेन सिम वर्ल्ड'मध्ये मुळीच चालत नाहीत. पण 'ओपन रेल्स' नावाचा एक खेळ आहे. जगभरच्या स्वयंसेवकांनी तो बनवला आणि त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २०१५ साली आली. तो जुने मार्ग वाचतो, चाकांची घसर आणि ब्रेकचा दाब जास्त खरा दाखवतो, आणि त्याला दमडीही पडत नाही!

दसऱ्याला नवा कॉम्प्युटर आला. 'ओपन रेल्स'मध्ये ह्यांचा घाट जसाच्या तसा उघडला. आणि उरलेल्या पैशांत नातवासाठी 'ट्रेन सिम वर्ल्ड'ही आला, सोबत अमेरिकेतला सॅण्ड पॅच नावाचा घाटमार्ग.

पहिल्याच रविवारी चिरंजीवांचे चिरंजीव कोळशाची लांबलचक मालगाडी घेऊन तो घाट उतरू लागले. वेग वाढला, मग ब्रेक, पुन्हा वेग, आणि वळणावर सारी गाडी रुळांखाली! तो वैतागून उठला. गॅलरीतून हे केव्हा आत आले होते, कोणास ठाऊक.

"चढ किती आहे रे?"

"पन्नास फुटांना एक फूट, साधारण."

"आपला सदतीसला एक आहे. सरक."

माथ्यावर ह्यांनी गाडी उभी केली. नातू म्हणाला, "आजोबा, इथे थांबायची गरज नाहीये. खेळात तसं काही सांगितलेलं नाही."

"खेळ सांगत नसेल. मंकी हिलला आम्ही थांबून ब्रेक तपासल्याशिवाय खाली उतरत नव्हतो. वेग वाढल्यावर ब्रेक लावणारा उशिरा पोचलेला असतो. इंजिनाच्या मोटारींचाच ब्रेक आधी लाव. त्या वीज तयार करू लागतात आणि गाडीला मागे ओढतात. डब्यांचा ब्रेक थोडा थोडा, जपून."

पाऊण तास दोघांपैकी कोणी जागचे हलले नाही. गाडी पायथ्याशी पोचली. नातवाचा मोबाइल टेबलावर पालथा पडला होता, आणि त्याने विचारले, "आजोबा, खऱ्या घाटात कधी भीती वाटली होती?"

लग्नाला पंचेचाळीस वर्षे झाली; हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. ह्यांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. मग म्हणाले, "दर पावसाळ्यात. पण घरी आल्यावर सांगून काय उपयोग? तुझी आजी आधीच जागी असायची."

मी स्वयंपाकघरात निघून गेले. चहाला आधण ठेवले.

फ्रीज अर्थातच जुनाच आहे. रात्री तो खडखडू लागला की हे कान देऊन ऐकतात आणि म्हणतात, "बेअरिंग गेलंय. पण पुण्यापर्यंत जाईल!"