कोणता आवाज गेला, कोणता उरला

1972च्या ‘पाँग’पासून 1984च्या ‘मार्बल मॅडनेस’पर्यंतच्या बारा वर्षांत आर्केड मशीनचा आवाज सुट्या भागांमधून निघून हळूहळू प्रोग्रॅममध्ये गेला. ‘पाँग’मध्ये प्रोसेसरच नव्हता, पडद्यावरचं चित्र जुळवून ठेवणाऱ्या मोजणी-सर्किटात आधीच असलेले सूर या खेळाचे रचनाकार ॲलन अल्कॉर्न यांनी चेंडूच्या टोल्यासाठी वापरले. ‘मार्बल मॅडनेस’मध्ये यामाहाची वायएम 2151 ही चिप संगीत वाजवू लागली. आवाज कुठे तयार होतो हे बदललं, तशी तो बिघडण्याची तऱ्हाही बदलली. हे लक्षात घेतलं तर जुनी मशिनं दुरुस्त करणाऱ्यांमध्ये रूढ झालेली एक सवय मला पटत नाही: आवाजात काही बिघडलं की बोर्डावरचे सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सरसकट बदलून टाकायचे. त्याआधी कोणता आवाज गेला आणि कोणता शिल्लक आहे हे ऐकायला हवं, कारण निम्मं निदान तिथेच होतं.

तायतोच्या 1978च्या ‘स्पेस इनव्हेडर्स’मध्ये गोळीचा, स्फोटाचा आणि पुढे सरकणाऱ्या शत्रूच्या चार खर्ज सुरांचा आवाज वेगवेगळ्या सर्किटांतून येतो, तर वरून जाणाऱ्या तबकडीसाठी एसएन 76477 ही स्वतंत्र चिप आहे. प्रोसेसर फक्त एकेक आवाज चालू-बंद करतो. त्यामुळे तबकडी मुकी झाली आणि बाकी सगळं वाजत असलं, तर स्पीकर आणि ॲम्प्लिफायर तेव्हाच संशयातून सुटतात. प्रोसेसरचा हुकूम चिपपर्यंत पोचतो का, एवढं लॉजिक प्रोबने तपासायचं. 1981चा ‘डाँकी काँग’ या स्थित्यंतराच्या मधोमध उभा आहे आणि म्हणूनच तो सर्वांत जास्त शिकवतो. त्यातलं संगीत 8035 हा वेगळा प्रोसेसर वाजवतो, पण चालण्याचे आणि उडीचे आवाज अजून सुट्या भागांचेच आहेत. उडी ऐकू येते पण संगीत नाही, असं झालं तर शोध तो प्रोसेसर, त्याचा रॉम आणि डिजिटलचं ॲनलॉग करणारा भाग एवढ्यापुरताच उरतो. ‘पॅक-मॅन’मध्ये ही सोय नाही. त्याचे तिन्ही सूर एकच सर्किट आळीपाळीने वापरतात, त्यामुळे तिथला एक दोष तिघांनाही बिघडवू शकतो.

यावर आक्षेप येतो की चाळीस वर्षांचे कपॅसिटर आज ना उद्या सुकणारच, मग वाट का पाहायची? वीजपुरवठ्याच्या बाबतीत हा आक्षेप रास्त आहे. अटारीने 5 व्होल्टचा रेग्युलेटर आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर बसवले होते. अमेरिकेत अशा मशीनमधून 120 हर्ट्‌झची घरघर येत असेल, तर मोठ्या फिल्टर कपॅसिटरवर आधी संशय घ्यावा. आवाज घडवणाऱ्या सर्किटात मात्र गोष्ट वेगळी आहे. एसएन 76477चा सूर आणि त्याची लांबी बाहेर जोडलेले रेझिस्टर आणि कपॅसिटरच ठरवतात. तिथे घाईत भलत्या मूल्याचा भाग बसला की मशीन वाजतं, पण त्याचा सूर बदललेला असतो. आणि वीस भाग एका बैठकीत बदलले तर दोष नेमका कशात होता हे कायमचं अज्ञात राहतं.

1997मध्ये जुने आर्केड खेळ संगणकावर चालवणारा ‘मेम’ हा एम्युलेटर आला, आता मूळ बोर्डांची एवढी काळजी कशाला, असंही म्हटलं जातं. पण सुट्या भागांच्या आवाजाला वाचून चालवण्यासारखा प्रोग्रॅमच नसतो. म्हणून ‘मेम’ने ‘स्पेस इनव्हेडर्स’साठी अनेक वर्षं ध्वनिमुद्रित नमुने वापरले. अशी मुद्रणं त्या त्या बोर्डाची त्या दिवशीची अवस्था टिपतात, सुकलेल्या कपॅसिटरसकट. पुढे हीच सर्किटं गणिताने उभी करायची, तर आराखड्यावर छापलेल्या मूल्यांचा पडताळा घ्यायला चालू, न चाळवलेले बोर्ड लागतात. म्हणून काढलेला प्रत्येक भाग फेकण्याआधी मोजून त्याचं मूल्य लिहून ठेवणं हा मला दुरुस्तीचाच भाग वाटतो.