फुलांचे पेन : विडी वळणाऱ्या हातांसाठी एक जोडउद्योग

चादरी आणि टॉवेल यांमुळे सोलापूरचे नाव देशभर पोहोचले. परंतु या शहराची दुसरी ओळख घराच्या उंबऱ्याशी बसलेली दिसते. मांडीवर सूप घेऊन विडी वळणाऱ्या हजारो भगिनींच्या मजुरीवर येथील कित्येक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. तेंदूपान भिजवून कापणे, तंबाखू भरून वळणे, टोके मुडपून दोरा बांधणे हे काम वर्षानुवर्षे करताना तंबाखूची धूळ श्वासावाटे शरीरात जाते. अशा भगिनींना तंबाखूविरहित जोडउद्योगाची निकड आहे. रंगीत चिकटपट्टीपासून फुलांचे पेन तयार करणे हा त्यांपैकी एक होऊ शकेल.

या पेनाचा उपयोग केवळ शोभेचा नाही. दुकान, दवाखाना वा कार्यालयाच्या टेबलावरील पेन अनवधानाने कोणाच्या तरी खिशात जाते. टोकाला मोठे फूल असलेले पेन खिशात मावत नाही. कुंडीत उभे केले की ते फुलदाणीसारखे दिसते.

साहित्य

सुमारे ५ सेंटिमीटर रुंदीची रंगीत कापडी चिकटपट्टी, खोडासाठी हिरवी पट्टी, साधे बॉलपेन, कात्री व मोजपट्टी एवढे साहित्य पुरते. कात्रीच्या पात्यास अधूनमधून खोबरेल तेलाचा बोळा फिरवावा. म्हणजे डिंक चिकटत नाही.

कृती

प्रथम पेनाला हिरवी पट्टी तिरकी गुंडाळावी. रिफिल बदलण्यासाठी जेथे पेन उघडते, तो सांधा मोकळा ठेवावा. नंतर रंगीत पट्टीचे ५ सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे कापावेत. तुकड्याची चिकट बाजू वर ठेवून उजवा वरचा कोपरा डाव्या खालच्या कोपऱ्याकडे दुमडावा. मात्र डावीकडे आणि तळाशी अर्धा सेंटिमीटर चिकट पट्टी उघडी राहू द्यावी. मग डावा वरचा कोपरा उजवीकडे खाली आणावा. टोक वर आणि तळाशी चिकट कड असलेली त्रिकोणी पाकळी तयार होते.

पहिल्या दोन-तीन पाकळ्या पेनाच्या वरच्या टोकाभोवती घट्ट गुंडाळाव्यात; ती कळी होय. पुढील प्रत्येक पाकळी आधीच्या दोन पाकळ्यांच्या फटीवर आणि किंचित खाली लावावी. २० ते २५ पाकळ्यांत फूल भरते. शेवटी हिरव्या पट्टीने देठ बांधून दोन पाने जोडावीत. पाकळी तिरकी बसली तर सारे फूल कलते. बोटांचा दाब कोठे वाढवावा आणि कोठे सैल सोडावा, हे विडी वळणाऱ्या हातांना शिकवावे लागत नाही.

हिशेब आणि विक्री

२५ पाकळ्यांना सव्वा मीटर रंगीत पट्टी लागते. म्हणजे १० मीटरच्या रिळातून आठ फुले होतात. पट्टी, पेन आणि घालवलेला वेळ या तिन्हींची किंमत धरूनच भाव ठरवावा. स्वतःचे श्रम फुकट धरण्याची चूक घरबसल्या उद्योगांत नेहमी होते. सोलापूरचा उन्हाळा कडक. उन्हात डिंक पातळ होऊन पाकळ्या सरकतात, म्हणून तयार माल सावलीत ठेवावा.

विक्रीस संक्रांतीचा काळ विशेष अनुकूल आहे. हळदीकुंकवाच्या वाणासाठी भगिनी लहान, उपयुक्त वस्तू शोधतात आणि त्याच सुमारास श्री सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते. शाळा उघडण्याचा जून महिना हा दुसरा हंगाम. एकटीने रीळ घेण्यापेक्षा बचत गटाने एकत्र खरेदी केल्यास माल स्वस्त पडतो. १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ बचत गटांच्या संघटनाचे कार्य करते.

फुलांचे पेन विडीच्या मजुरीची जागा लगेच घेईल, असे मानणे योग्य होणार नाही. प्रथम दहा पेने करावीत, ती विकावीत, आलेला पैसा मोजावा आणि मगच पुढील रीळ घ्यावे. परंतु दिवसातील दोन तास जरी तंबाखूच्या सुपाऐवजी रंगीत पाकळ्यांत गेले, तरी त्या घरातील श्वास तेवढा मोकळा होईल.