दुखणं वेगळं, बळ जाणं वेगळं

पावसाळ्यात अकोले तालुक्यातल्या राजूरच्या पश्चिमेला, भंडारदऱ्यापासून घाटघरपर्यंत, भाताची आवणी चालते. चिखलात उभं राहून, कोसळत्या पावसात दिवसभर वाकून रोपं लावायची. कंबर, मांड्या, खांदे भरून येणं हा इथे कुणाला आजार वाटत नाही आणि बहुतेक वेळा तो नसतोही. पण सगळ्यांचंच अंग दुखतं अशा गावात स्नायूंचा खरा आजार जडलेलं माणूसही वेगळं दिसत नाही. ‘वात आहे’ म्हणून तेल चोळलं जातं, सुई घेतली जाते आणि उपचाराचे मोलाचे महिने हातचे जातात.

ग्रामीण महाराष्ट्रातल्या या दुखण्याचं नीट मोजमाप झालं ते पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला. १९९६ मध्ये पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ कार्यक्रमाखाली तिथे घरोघर पाहणी सुरू केली. चार हजारांवर प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांधे-स्नायूंचा त्रास होता. आमवात मात्र अर्ध्या टक्क्याच्या आसपासच आढळला. म्हणजे दुखणारे पुष्कळ, त्यांतले घातक आजाराचे थोडे. हे थोडे ओळखायचे कसे?

स्नायुदाह, म्हणजे मायोसायटिस, हा त्या थोड्यांतलाही विरळा. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्नायूंवर उलटते. दुखणं कधी असतं, कधी फारसं नसतंही. मुख्य लक्षण म्हणजे बळ जाणं. तेही बहुधा दोन्ही बाजूंना सारखं, खांदे आणि मांड्यांपासून सुरू होणारं, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत वाढत जाणारं. उकिडवं बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. एसटीची पायरी चढवत नाही. पाण्याचा हंडा डोक्यावर जात नाही, वेणी घालताना हात गळून पडतात. थकलेल्या माणसाला उठताना कळ येते, पण तो उठतो. या रुग्णाला उठताच येत नाही. हा फरक घरातल्या माणसांना डॉक्टरांच्याही आधी दिसतो.

डर्मॅटोमायोसायटिस या प्रकारात त्वचाही बोलते. पापण्यांवर जांभळट छटा येते, बोटांच्या सांध्यांवर जाडसर चट्टे उठतात, मान आणि छाती काळवंडते. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हे ऊन लागल्याचं किंवा ॲलर्जीचं समजून सोडून दिलं जातं. ‘दंगल’मधली बालकलाकार सुहानी भटनागर फेब्रुवारी २०२४ मध्ये, वयाच्या अवघ्या १९व्या वर्षी, याच आजाराने गेली. घास गिळताना अडकणं आणि धाप लागणं ही धोक्याची लक्षणं आहेत. ती दिसली की एक दिवसही थांबू नये.

तपासणीची सुरुवात साधी आहे. रक्तातलं ‘सीके’ हे स्नायूंचं विकर बहुतेकदा वाढलेलं सापडतं. यकृताच्या तपासणीत मोजली जाणारी एसजीओटी-एसजीपीटीही वाढतात आणि तेवढ्यावरून काही रुग्णांवर यकृताच्या आजाराचे उपचार चालू राहतात. थायरॉइडची कमतरता, ‘ड’ जीवनसत्त्वाचा अभाव, कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिन गोळ्या यांनीही स्नायू दुबळे होतात, म्हणून तेही पाहावं लागतं. पुढे ईएमजी, म्हणजे स्नायूंची विद्युत तपासणी, प्रतिपिंडांच्या चाचण्या, गरज पडल्यास स्नायूचा तुकडा तपासणं. प्रौढांमध्ये, विशेषतः डर्मॅटोमायोसायटिस असेल तर, कर्करोग लपलेला नाही ना याचीही खात्री करतात.

उपचाराचा पाया स्टिरॉइड. जोडीला मेथोट्रेक्सेट किंवा अझाथायोप्रिन. इथे दोन गोष्टी घरातल्या प्रत्येकाला माहीत हव्यात. बरं वाटलं म्हणून स्टिरॉइड एकदम बंद करायचं नाही. आणि मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर जिवावर बेतते. साखर, रक्तदाब, हाडं आणि क्षयरोग यांवर लक्ष ठेवावं लागतं. पूर्वी अशा रुग्णांना पडून राहायला सांगत. आता बेताने वाढवत नेलेला व्यायाम सुरक्षित आणि गरजेचा मानला जातो.

मायोसायटिसच्या रुग्णांहून कितीतरी अधिक लोक फायब्रोमायाल्जियाने गांजलेले असतात. महिनोन्‌महिने सर्वांगाला ठणका, झोपूनही न गेलेला थकवा, आणि रिपोर्ट सगळे चांगले. १९९० च्या निकषांत डॉक्टर शरीरावरच्या १८ जागा दाबून पाहत. २०१० पासून दुखण्याचा पसारा, झोप आणि थकवा यांना महत्त्व आलं. यात स्नायूंची नासधूस होत नाही, त्यामुळे स्टिरॉइडचा उपयोगही नाही. रोजचं चालणं, झोपेची घडी बसवणं, गरजेनुसार अमिट्रिप्टिलिनसारखी औषधं यांनी आराम पडतो. पण रिपोर्ट चांगले आहेत म्हणून ‘तुला काही झालेलं नाही’ असं अशा रुग्णाला सांगणं अन्यायाचं आहे. त्याचं दुखणं खरं आहे.

राजूरच्या ग्रामीण रुग्णालयात, उपकेंद्रात, आशाताईंच्या घरभेटीत ‘कुठे दुखतं?’ हे विचारलं जातंच. त्यापुढे आणखी एक प्रश्न विचारला जावा: ‘दोन महिन्यांपूर्वी जमत होतं आणि आता जमत नाही, असं काय आहे?’ उत्तरात उठणं, चढणं, उचलणं किंवा गिळणं आलं, तर सुई देऊन घरी पाठवू नये. सीके तपासून रुग्णाला लोणी, नाशिक किंवा पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात धाडावं. या प्रश्नाला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही, आणि वेळेत विचारला तर आवणीला उभं राहण्याचं बळ पुष्कळांना परत मिळू शकतं.